अंबीगड्डी

पतसंस्थेच्या आम्ही चौदाजणी, निपाणीहून टेम्पोनं,
डोक्यावर एकसारख्या टोप्या,
शिरगुप्पेबाईंनी घाऊक आणलेल्या, पिवळ्या.
धक्क्यावर पाटी : ब्लू मरीना.
खाली तेच कानडीत, गोल गोल अक्षरांत.
अंबीगड्डी हे नाव कुठंच नाही.

उन्हाचं काय सांगू. फेब्रुवारीचं,
पण घटप्रभेच्या फुगवट्यावर
नवा पत्रा ठोकल्यासारखं.
पाच पांढऱ्या बोटी दावणीला,
बैलांगत माना हलवत.
जॅकेटचा पट्टा आवळताना पोरगा म्हणाला,
"श्वास घ्या की ओ मावशी, बुडायला न्हाई निघालाय."
छातीवर नाव : भरमा.

बेटावर सगळं होतं.
परगावची नारळाची झाडं, अजून टेकू लावलेली.
गोव्याकडून ट्रकनं आणलेली वाळू,
तिच्यात पद्माला शंख सापडला.
गोड्या पाण्याच्या काठाला समुद्राचा शंख,
आणि तिनं तो कानाला लावलासुद्धा.

गाव कुठं होतं रे तुमचं?
भरमानं हात केला,
रिकामं टेबल दाखवावं तसा.
"ती पोहायची टाकी दिसतीय न्हवं, तिथं जाळी वाळायची.
सात नंबरची खोली, तिथं आमची चूल.
परवा एसी बघायला आत गेलतो.
थंडी वाजली ओ, आमच्याच घरात."
हसला. मी हसू की नको, ठरेना.
"पगार वेळेवर असतोय. दिवाळीला बोनस.
आबा रात्रभर पाण्यात, सकाळी चार चिलापी."
मग मी वाईट वाटून घ्यायचं
घडी करून ठेवून दिलं, टोपीसारखं.

जेवणात मासा होता. पांढरा, बिनकाट्याचा.
कुठल्या पाण्यातला, वाढप्यालाही ठाऊक नाही.

निघताना धक्क्याच्या मागल्या अंगाला,
कुणाच्या फोटोत येणार नाही अशा बेतानं,
एक काहील आली.
गुळाचीच, जुनी, तळाला डांबर फासलेली.
आत म्हातारी, एक वल्हं, ओलं पोतं.
"आई," भरमा म्हणाला, पाण्याकडं बघत.
तिला वर यायचं नाही. वास चालत नाही मालकाला.

मी वाकले. तिनं पोत्याचं तोंड सोडलं.
मरळ. कल्ले अजून हलत होते.
"एष्टु?" मी कानडीत विचारलं, शहाणपणानं.
"दीडशे," ती मराठीत म्हणाली.
"मरत न्हाई ही लवकर. घरापतूर जाईल."

माझी पाचशेची नोट, तिच्याकडं सुटे नाहीत.
भरमानं खिशातून मोजून दिले,
दिवसभराची बक्षिसी,
त्यात माझीच वीसची, कोपरा दुमडलेली.

टेम्पोत शिरगुप्पेबाईंनी नाकाला पदर लावला.
"कुणी घेतलं गं हे?"
मी टोपी काढली, तिला आत घातलं,
वरून हात ठेवला.
संकेश्वर येईपर्यंत
मधूनच, विसरल्यावर,
ती मांडीवर हलायची.