गोल होतो, आकडा बदलत नाही

तक्रारवहीत उस्ताज सबरींनी एवढंच लिहिलंय,
खाली गिचमिड सही.
रास अल खैमा, जुन्या मॉलचा वरचा मजला,
शुक्रवार, नमाजाची वेळ, शटर अर्धं खाली.

घुमटाला आठ स्क्रू हवेत. सातच आहेत.
माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलंय
आणि आठव्याच्या भोकात च्युइंगम दाबून गेलंय.
मी शिव्या देत नाही.
घाईत असेल. आपणही असतो.

आत बर्फ. म्हणजे पांढरा रंगवलेला पत्रा.
(खरा मी पाहिलाय रसवंतीतला,
भुसा झटकून फोडलेला.)
त्यावर बारा गडी, सहा लाल, सहा निळे,
प्रत्येकाला आपापली खाच.
पुढे जा, मागे ये, जागच्या जागी गरगर फिर.
दुसऱ्याच्या खाचेत कुणी जात नाही.

इचलकरंजीत सोळा वर्षं मी मागावर जॉबर होतो.
धोटा अडला की कानाला कळायचं
पट्टा सैल आहे, काठी झिजलीय,
की नुसतीच हवा दमट.
ही चकती धोट्यासारखीच धावते,
फक्त मागे सूत सोडत नाही.

गोलच्या तोंडाशी दोन डोळे समोरासमोर,
एक उजेड टाकतो, दुसरा झेलतो.
बोळ्याने पुसले. बोळा तपकिरी झाला.
इथली वाळू चिमटीत येत नाही इतकी बारीक.
चकती टाकली. शून्य.
वायर हलवली. शून्य.
कनेक्टर काढून परत लावला,
मनातल्या मनात म्हसोबाला नारळ बोललो.
शून्यच.

मग ट्यूब पेटली:
खेळ सुरू झालाय हेच यंत्राला ठाऊक नाही.
पोरं मागच्या डावातली उरलेली चकती ढकलत होती,
नाणं आत गेलं होतं, पोचलं नव्हतं.

नाण्याची पेटी उघडली. घसरगुंडीच्या वळणावर
दिरहमच्या पाठीला पाठ लावून
एक पेसो, जवळजवळ त्याच मापाचा.
स्विचची तार केसभर वाकलेली.
नखाने सरळ केली.
टिक.
दोन तास, आणि नखाने झालं.

दुरुस्तीनंतर खेळून बघायचं असतं, एकट्याने.
या बाजूने मारायचं,
वळसा घालून त्या बाजूने अडवायला धावायचं.
लाल एक, निळे शून्य!
भोंगा असा बोंबलला की खिमबहादूर धावत आला,
मॉप भिंतीला टेकवला
आणि न विचारता निळ्यांचे दांडे धरले.
सात-चार. कोण जिंकलं ते राहू द्या.

रिपोर्टात कारण लिहिलं: धूळ.
पेसो लिहिला असता
तर कुणाला तरी आत बोलावून विचारलं असतं.

काउंटरवर मारिवेल चिल्लर मोजत होती.
तिच्यापुढे ठेवला.
“माझा नाही,” म्हणाली, वर न बघता.
मोजणं चुकलं तिचं, पहिल्यापासून धरलं.
मी हात पुसायला चिंधी काढली,
तेवढ्यात काउंटरवरून पेसो गेला होता.