लोलक

उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं.
रविवारी साबणाने तीनदा हात धुऊनही
स्तोत्रांच्या पानावर बाबांचा अंगठा उमटायचाच,
माझ्या गणिताच्या वहीवरही,
काळसर, कटिंग ऑईलचा.

आईचे सांधे आखडले तेव्हापासून
भाकरी तेच थापायचे.
"दाते पाडलेत," कडा बघून ती म्हणायची
आणि दोन खायची.

चर्चच्या घंटेचा लोलक निखळला
त्या साली पंचांनी पुण्याहून भाव मागवला.
बाबा काही बोलले नाहीत.
शनिवारी रात्री सायकलच्या कॅरिअरवर
पोत्यात गुंडाळून काहीतरी जड नेलं.

काल त्यांच्यासाठी तीच घंटा वाजली.
शांतवन आवळे, वय एकाहत्तर, पाळकांनी वाचलं.
आई कान देऊन होती.
म्हणाली,
"अजून पाव किलो हवा होता, म्हणायचे."