दीड आटा

बिभीषण ढाकणे कळंबोलीच्या स्टील मार्केटमागे गाडी लावतो
आणि उतरताच आधी सायलेन्सरकडे बघतो.
म्हणजे याला कळतं.
"ओढत नाही," म्हणतो. "खोपोली सोडली की
तिसरा मागते, मग दुसरा, मग नुसतीच रडते.
परवा घाटात सायकलवाला पुढे गेला.
खरंच सांगतो, सायकलवाला."

मी म्हणतो, रेस दे.
तो पाय दाबून धरतो. आवाज चढतो
आणि मध्येच थांबतो,
जेवत्या माणसापुढचं ताट कुणी ओढून घ्यावं तसा.
काळा धूर असता तर म्हटलं असतं हवा कमी, टर्बोचा होज बघू.
पांढरा असता तर टायमिंग, नाहीतर नोझल.
मी नळकांड्यापुढे रुमाल धरला,
होता तसाच परत आला.
उपाशी आहे.

उपाशी असेल तर तोंडापासून बघत जायचं.
टाकीची जाळी काढली: गंज, आणि कुणाचं तरी विडीचं थोटूक.
फिल्टर बदलला.
फीड पंपाच्या नळीत पारदर्शक तुकडा घातला,
डिझेल काचेसारखं, एक बुडबुडा नाही.
पायाखालची रबरी चटईसुद्धा उचलली
(हसू नका, पुष्कळदा रोग तिथेच निघतो).
पंपाचा दांडा शेवटपर्यंत जात होता.
तन्वीर म्हणाला, "उतरवू का पंप?"
पान्याला त्याचे हात शिवशिवतात. वयच तसं.
म्हटलं, आधी पूस.

रॉकेलचा बोळा फिरला. काजळी सुटत गेली,
आणि फुल-लोडच्या स्क्रूवर सील दिसलं.
शिशाचा मणी. तारेला पीळ उलटा.

या बाजारात डाव्या हातानं तार पिळणारा
एकच माणूस आहे.

चार वर्षांपूर्वी गाडी नवी होती, मालकही.
खुर्चीवर न बसता बोलला होता,
"ॲव्हरेज काढून द्या. ड्रायव्हर लोक दाबतात, त्यांना काय."
मी दीड आटा आत घेतला. वरचे तीनशे घेतले.
त्या दीड आट्यात काय काय मावतं
ते बेंचच्या नळ्यांमध्ये दिसत नाही.
तिथे फक्त तेलाची उंची उतरते,
सहाही नळ्यांत सारखी, बघायला छान.

"उशीर झाला की ट्रिपचे दोनशे कापतो,"
ढाकणे बोनटाशी नाही, स्वतःशीच बोलावं तसं बोलत होता.
"म्हणतो, ढाब्यावर झोपतोस."

मी सील तोडलं.
पाव आटा. रेस. अजून पाव.
एकदम द्यायचं नसतं, उपाशी पोटाला सोसत नाही,
काळं ओकते.
सव्वा आट्यावर धूर दिसला, विझत्या उदबत्तीएवढा,
आणि लगेच निवळला. तिथेच थांबलो.
उरलेला पाव कुणासाठी ठेवला, मलाही सांगता येणार नाही.

कॉइल लादलेलीच होती. रोडपालीच्या पुलावर घेतली.
ढाकणेचा हात सवयीनं गिअरकडे गेला
आणि नुसताच दांड्यावर राहिला.
गाडी चौथ्यातच चढत होती.
तो काही बोलला नाही. खिडकीतून थुंकला, मग हसला.

परत आल्यावर तार ओवली,
आणि या खेपेला उजव्या हातानं पिळली.
बराच वेळ लागला. पीळ सैल आला,
पोरानं बांधलेल्या नाडीसारखा.
तन्वीर बघत होता. त्यानं विचारलं नाही.

"काय होतं?" ढाकणे म्हणाला.
"स्क्रू आवळला होता कुणीतरी."
त्यानं तुटकं सील तळहातावर घेऊन फिरवलं.
"हात चांगला होता पण त्याचा.
चार वर्षं हललं नाही."
फिल्टरचे पैसे घेतले, मजुरी नको म्हटलं.
तो संशयानं बघत गेला.

पंधरा दिवसांनी मालक पावत्या जुळवील,
फोन करील, "हल्ली जास्त पिते."
म्हणेन, चढते पण.
नाहीतर उचलणारच नाही.
अजून ठरलेलं नाही.