बाठ्यातलं कूळ

मानकुरादाला कुठेही भोक नव्हतं.
म्हापशाच्या शुक्रवारी आंतोनेत मावशीने
देठाशी नाक नेऊन, पारखून दिलेला, डझनातला बारावा.
चोखला. बाठा परड्यातल्या पायरीवर ठेवला
आणि चौथ्या दिवशी तो आतून कुरकुरला.

कोयतीने उकलला.
काळी भुकटी, आणि भुकटीत हा,
चिकूच्या बीच्या निम्मा,
जांभ्यावर शेवाळ वाळून उरतं त्या रंगाचा,
खांद्यांवरून दोन फिकट तिरके पट्टे,
अंगभर खवले, राखेत लोळून उठल्यासारखे.
बोट लावलं तर पाय आखडून मेला.

तेवीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी किड्यांना टाचण्या टोचल्या, खाली चिठ्ठ्या लिहिल्या.
चौकशी तोंडात बसलेली:
गण? ढालपंखी.
कुल? सोंडकिड्यांचं.
मग सोंड कुठाय?

भिंगाखाली उताणा केला.
छातीला एक खाच,
खाचेत सोंड निजलेली,
आडाळीचं पातं पाटावर मिटावं तशी,
आणि सोंडेवर, मध्याच्या जरा पुढे,
कोपरात मोडलेल्या दोन मिशा.

पुस्तकात कुल म्हणजे घराणं.
आमच्या गावात कूळ म्हणजे
दुसऱ्याच्या जमिनीत जो राबतो
आणि ज्याचा दावा मामलेदाराकडे पडून असतो.
याच्या आईने कोवळ्या कैरीवर अंडं ठेवलं,
साल खरवडली, वर चीक वाळला,
दार बुजलं. हा आत शिरत गेला,
आणि फळ त्याच्याभोवती गोड होत राहिलं.
जाता-येताही गर नासवला नाही,
भाटकाराचा वाटा भाटकाराला.
घेतलं ते एवढंच: पुढचं झाड.

शास्त्रातलं नाव याचं बदलत आलंय.
एका प्रजातीतून काढला, दुसरीत घातला,
तिथूनही उठवून तिसरीत.
मागचा शब्द मात्र प्रत्येक चिठ्ठीवर तोच:
आंब्याचा.

पुढच्या शुक्रवारी काड्यापेटीतून नेला.
आंतोनेत मावशी म्हणाली, माझे आंबे किडत नाहीत.
पेटी उघडली. चष्मा पुसून पाहिलं तिने.
"मेला मरे तो."
मी म्हटलं, थांब.
टोपल्या उचलल्या गेल्या, बस सुटली,
उन्हाची तिरीप पेटीच्या काठावर आली
तेव्हा त्याने एक पाय सोडवला, मग दुसरा,
आणि शेवटी, अगदी सावकाश, सोंड.

ती काही बोलली नाही.
एक आंबा वर घातला,
आणि मी निघताना म्हणाली,
याचा बाठा मात्र परत आण.