उपगट क्रमांक चार

क्रीडा-मानसशास्त्र संघटनेचे चार उपगट.
एकाग्रतावाल्यांना एसी हॉल,
आम्हा दुखापतवाल्यांना
पार्क मैदानामागची, हर्डल्स रचलेली खोली.
मे महिना, सोलापूर. पंखा नुसता फिरतोय.

हजर तिघं: मी, बिराजदार मॅडम
आणि व्यंकटेश गुंडेटी. खो-खो, डावा गुडघा.
घरी टॉवेलचे माग,
म्हणून बोलतो मोठ्यानं.

प्रश्नावली त्यानं कोरीच ठेवली.
मग म्हणाला,
"सर, बाहेर कुणी खो दिला ना,
की दुखरा नाही, चांगला गुडघा उडतो.
हे कुठल्या उपगटात बसतं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

इतिवृत्तात लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.
खरं तर तिघं बसून होतो
एकाआड एक तोंड फिरवून,
पाठीवर कुणाची तरी थाप पडेल म्हणून.