उघाडीची वही

कॉमर्सला असताना मला कुणी सांगितलं नव्हतं
की जमाखर्चात बगळेही धरावे लागतात.

करावे गावाच्या कडेला काथोडकाकाचं खाजण,
सव्वादोन एकर, तिन्ही बाजूंनी तिवर,
चौथ्या बाजूला पामबीच रोडची घरघर.
दर मार्चात मी त्याची वही घेऊन बसते
आणि तो चिखलाच्या पायांनीच समोर बसून
पहिल्या ओळीपासून भांडतो.

बियाणं? मी विचारते.
"उधानाचं पानी घेऊन आलं."
किंमत?
"पानी बिल देतं काय गो?"
मी शून्य लिहिते, मग खोडते.
अमावास्येला रात्री अडीच वाजता
उघाडीच्या फळ्या उचलायला तो आणि पदीकाकी जातात,
एक बॅटरी, एक कोयता,
बांधावर फुरसं असेल नसेल.
ती मजुरी कुठल्या रकान्यात?

खाद्य: वर्षाला सात पोती.
मोरेश्वरच्या तळ्यावर सात पोती
दीड दिवसात संपतात.
आमच्याकडे तिवराचं पान पडतं, कुजतं, काळं होतं,
आणि त्या काळ्यावर कोळंबी वाढते, सावकाश,
व्याजासारखी नाही, केसांसारखी.

मोरेश्वरची आठ चाकं रात्रभर पाणी घुसळतात.
चार महिन्यांत एकरी अडीच टन.
आमची सात महिन्यांत सगळी मिळून तीनशे किलो,
वर चिंबोऱ्या, वर एकोणीस जिताडे.
त्याच्या घरावर दुसरा मजला चढला
तेव्हा मीच काकाला म्हटलं होतं,
हे साधं गणित आहे.

मग त्या भाद्रपदात पांढरे ठिपके आले.
मंगळवारी त्याची कोळंबी काठाला लागली,
गुरुवारी पाणकावळ्यांना उडवेना.
काकाने दोन उधाणं फळ्या उचलल्याच नाहीत.
फुकटचं बियाणं बाहेरून परत गेलं:
न उघडलेल्या दाराची किंमत, अंदाजे आठ हजार.
आमच्यातही मेली.
विरळ होती म्हणून विरळ मेली.

(पुढच्या हंगामात मोरेश्वरने सगळं भरून काढलं.
हेही लिहायला हवं, नाहीतर वही कसली.)

बांध: जिथे तिवर उभा आहे तिथे खर्च नाही.
जिथे काकाच्या बापाने सरपणाला तोडला होता
त्या पंचवीस फुटांत दरसाल चौदा खेपा माती.
मी एक नवी ओळ आखली, "न झालेला खर्च".
बँकेतल्या पोराने फॉर्म उलटसुलट केला
आणि नम्रपणे सांगितलं, मॅडम, अशी ओळ नाही.

वाशीच्या दलालाला मी सांगून पाहिलं:
औषध नाही, तिवरातली आहे, दोन रुपये जास्त दे.
तो बर्फ सारत म्हणाला,
"तिच्या पाठीवर लिवलंय का? किलोला किती नग ते बोला."

काल सगळं जोडून झालं.
बगळ्यांचा वाटा अकरा टक्के धरला,
काका म्हणाला पंधरा धर, त्यांची पोरं झाली यंदा.
शेवटी पदीकाकीची मजुरी टाकली,
रात्रीचे तास, जाळं धुणं, प्रतवारी,
गावात चालतो त्याच दराने,
आणि नफा उणे झाला.

काकी माझ्या खांद्यावरून बघत होती.
तिला वाचता येत नाही, पण उणेची रेघ कळते.
"ती माजी ओल काढ."
का?
"तुजा भाव बसतोय तिचा, पन मग खाजन कोन ठेवल?
उद्या हा बी चाकं आनल."
काका उघाडीकडे बघत बसला. नाही म्हणाला नाही.

मी ती ओळ खोडली नाही.
पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, फिकी.

निघताना काकीने पिशवीत एक जिताडा घातला,
चांगला तीन किलोचा.
"तुजी फी."
बसस्टॉपपर्यंत तो हातात जड होत गेला.
सात महिने आमचीच कोळंबी खाऊन वाढला होता,
आणि ती किती, हे मी कुठेच धरलं नव्हतं.