नोंद घेतली

पत्र शुक्रवारी आलं, चार वाजून चाळीस मिनिटांनी.
तोवर इद्वाल प्रॉथरो स्वान्सीच्या गाडीत बसले होते,
वकीलबाई मुलाला आणायला गेल्या होत्या,
आणि मी, समितीची कारकून टेगवेन,
कपातला उरलेला चहा खिडकीतल्या रोपाला घालत होते.

कळविण्यात येते की
लंडनच्या मंत्र्यांनी एक नियम केला आहे.
विषय कार्डिफचा, अधिकारही कार्डिफचा,
म्हणून आमच्या मंत्र्यांची संमती मागितली
आणि त्यांनी ती दिली.
कधी? मंगळवारी.
आम्हाला कळलं? आत्ता.
पत्रावर तारीख मात्र बुधवारची.

नियम सतरा पानांचा, सगळा इंग्रजीत.
इथं घडलेला नियम दोन भाषांत येतो, शेजारी शेजारी,
भांडलेल्या पण एकाच घरात राहणाऱ्या बहिणींसारखा.
हा एकटाच आला.
पान अकरा, परिच्छेद चार, उपपरिच्छेद ख:
‘एकोणीस’ या शब्दाऐवजी ‘सोळा’ हा शब्द घालावा.
एवढंच.
मिलिमीटर.

माझी आई पेनक्लाउदच्या वाळूत कॉकल वेचायची.
ओहोटीच्या वेळा तिला तोंडपाठ, आमचे वाढदिवस नाहीत.
चाळण हलवायची ती पार कमरेतून,
लहान शिंपल्या भोकांतून खाली, ओल्या वाळूत परत.
म्हणायची, वाढा, मग या.
कायदा तिला फारसा ठाऊक नव्हता.
पण आधी चाळण, मग चूल,
हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

चाळण आमच्याकडेही आहे, चांगली आहे,
तिला नियमावली आहे, गणसंख्या आहे, दुभाषे आहेत.
फक्त तिच्यात जे पडतं
ते उकडूनच आलेलं असतं.

सोमवारी बैठक. विषय क्रमांक सहा.
प्रॉथरोंनी चष्मा पुसला. ‘आपण नाही म्हणालो तर?’
‘म्हणू शकता,’ वकीलबाई म्हणाल्या.
‘मग?’
‘मग तुम्ही नाही म्हणालात, अशी नोंद होईल.’
कुणीतरी हसलं. बाहेर सीगल काचेवर चोच आपटत होता,
त्यालाही आत काहीतरी मांडायचं असावं.

नियम सभागृहाच्या पटलावर ठेवला आहे, असं कागद म्हणतो.
ते पटल इथलं नाही.
इथल्या पटलावर पाण्याचा जग, आल्याची बिस्किटं,
आणि आम्ही घोडं सजवून उभे.
वरात तर केव्हाच पॅडिंग्टनला उतरली.

तरी मी पत्राचा मसुदा केला. अध्यक्षांनी सही केली.
तीन मिलिमीटर का? कुणी मोजले?
कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या महिन्यात?
आणि वेल्श मजकूर कुठे आहे?
सात आठवड्यांनी उत्तर आलं:
आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे.
तोवर नियम लागू होऊन महिना झाला होता.

शनिवारी स्वान्सीच्या बाजारात
शिंपल्यांसकट अर्धा किलो कॉकल घेतले.
घरी टेबलावर ओतले, पर्समधली ऑफिसची पट्टी काढली,
आणि एकेक मोजत बसले, वेड लागल्यासारखी.
वीस. बावीस. एकोणीस.
सतरा.

हा आत्ता वाळूत असता.
ओठ घट्ट मिटून होता, गार,
माझ्या नखाएवढा.
पाणी उकळत होतं.

मी तो टाकला नाही. शिजवलाही नाही.
खिडकीत, त्या चहा प्यायलेल्या रोपाच्या धाकट्या भावाशेजारी,
मिठाच्या पाण्याच्या वाटीत ठेवला,
आणि वाटीखालच्या कागदावर
दोन भाषांत, शेजारी शेजारी,
तारीख घातली.